साठ हजारात किती घोडे येतात

इंजिनावर पैसे घालायचे ठरले की पोरं सगळ्यात आधी यादी करतात, आणि माझ्या भाच्यानं पण तेच केलं. चाकणला नोकरीला आहे, दाजींची 2008 ची स्विफ्ट आता त्याच्याकडं आलीय, 1.3 पेट्रोल व्हीएक्सआय, एमएच 09 पासिंग, पंधरा वर्षं झाल्यावर रीपासिंग करून घेतलेली. दिवाळीत कोल्हापूरला आला तेव्हा मोबाईलमधली यादी दाखवली, कोन फिल्टर, फ्री फ्लो सायलेन्सर, इरिडियम प्लग, सोळा इंची अलॉय, ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं, आणि शेवटी टार्गेट 110 बीएचपी, म्हणजे 110 घोड्यांची ताकद. बजेट साठ हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. मला म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त कुठून घ्यायचं तेवढं सांगा."

मी म्हटलं बस जरा, आधी गाडी बघू.

त्याच्या हौसेवर पाणी टाकायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. मला स्वतःला इंजिन या गोष्टीचं वेड आहे आणि ते ज्याला लागतं त्याचं मला कौतुकच वाटतं, त्यातून कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला तर ते लागतंच, इथं उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवत पिढ्या गेल्यात, अजूनही त्या गल्ल्यांतनं चाललं की एका दुकानात क्रँक ग्राइंडिंग चाललेलं असतं, शेजारी बोअरिंग, पलीकडं कुणीतरी हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, फेस मारतंय, तळ घासून सपाट करतंय, कटिंग ऑइलचा तो वास सगळीकडं. पण कमी पैशात इंजिन सुधारायचं म्हणजे पैसे कुठल्या क्रमानं घालायचे हा प्रश्न आहे, कुठला पार्ट घ्यायचा हा नंतरचा. हे मला मनापासून सांगायचंय, कारण साठ हजार ही कमावणाऱ्या पोराची बरेच महिने साठवलेली रक्कम असते.

तर आधी इंजिनाबद्दल. या पहिल्या पिढीच्या स्विफ्टमध्ये सुझुकीचं जी 13 घराण्यातलं इंजिन आहे, एस्टीम आणि जिप्सीत होतं तेच घराणं. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, नवीन असताना 87 बीएचपी आणि 113 न्यूटन मीटर टॉर्क. 2010 ला प्रदूषणाचा बीएस 4 नियम आला तेव्हा याच्या जागी 1.2 चं के सिरीज आलं. गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास, म्हणजे एवढ्या ताकदीत ती चांगलीच पळायला पाहिजे, आणि नवीन असताना पळायचीच, दाजींच्या शेजारी बसून मी ती अनुभवलीय. इंजिन आवडीनं फिरतं, साडेचार हजाराच्या पुढं त्याचा आवाज बदलतो आणि गाडी खेचायला लागते.

टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा, मात्र नाही. सगळा खेळ इथंच आहे आणि बहुतेकांचा हिशोब इथंच चुकतो. टर्बो नसलेलं इंजिन वातावरणाच्या दाबावर श्वास घेतं, पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत येईल तेवढीच येणार, आणि जेवढी हवा तेवढंच पेट्रोल जळणार. भाच्याच्या एका मित्राकडं स्विफ्ट डिझेल आहे, ते फियाटचं 1.3 मल्टिजेट, जे आपल्या रांजणगावलाही बनायचं, त्याला रिमॅप मारल्यावर गाडी ओळखू येईना एवढा फरक पडला म्हणे. पडणारच. 75 पीएसच्या त्या इंजिनाला टर्बो आहे, सॉफ्टवेअरमधनं बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला, डिझेल वाढवलं की वीसेक टक्के ताकद सहज वाढते, मग क्लच किती दिवस साथ देतो हा वेगळा विषय. तोच रिमॅप विनाटर्बो पेट्रोलवर मारला तर पाच टक्के मिळाले तरी हात जोडायचे. 87 चे 110 म्हणजे पंचवीस टक्क्यांच्यावर वाढ, त्याला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलायला लागतो, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण, वाढवायला लागतं, हेडर म्हणजे एक्झॉस्टचे खास पाइप, ट्यूनिंग, वर डायनो या ताकद मोजायच्या मशीनवरचे तास, हे साठ हजारात बसत नाही, आणि बसवलं तरी गाडी शहरात चालवायच्या लायकीची राहत नाही. हे त्याला मी सरळ सांगितलं. तोंड पडलं जरा त्याचं, पण ऐकून घेतलं.

हवेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, मला फार आवडणारी गोष्ट आहे. समुद्रसपाटीपासून वर गेलं की दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्का पातळ होते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या इथं कुठलंही विनाटर्बो इंजिन कंपनीच्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी ताकदीनंच चालतं. महाबळेश्वर 1350 मीटरच्या घरात, तिथं बारा-तेरा टक्के गेले. म्हणून गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून कोकणात गेल्यावर सकाळच्या गारव्यात गाडी अचानक हलकी वाटायला लागते, ते मनाचे खेळ नाहीत. आणि दुपारी ऊन चढलं की तो फायदा परत जातो, कारण तापमान तीन अंश वाढलं की हवेची घनता एक टक्का कमी होते.

आता हेच गणित कोन फिल्टरला लावा. कंपनीचा एअरबॉक्स बाहेरची गार हवा आत घेतो. तो काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला की इंजिन स्वतःच तापवलेली हवा ओढायला लागतं. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा वीस-तीस अंशांनी सहज जास्त असते, म्हणजे सात ते दहा टक्के घनता तिथंच गेली. आवाज मात्र भारी येतो, त्यामुळं गाडी पळतीय असं वाटतं. स्वच्छ कागदी फिल्टरमुळं इंजिनाला जो अडथळा होतो तो इतका कमी असतो की त्याच्यासाठी पाच-सहा हजार घालवणं मला पटत नाही. तीन-चारशे रुपयांचा ओरिजिनल फिल्टर वेळेवर बदला आणि एअरबॉक्सचे रबरी पाइप चिरलेत का बघा, बास.

मग आम्ही कॉम्प्रेशन चेक केलं. कमी बजेटमध्ये इंजिनाला हात लावायच्या आधी काय करायचं तर हे. चारही प्लग काढायचे, इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण दाबून, गेज लावून स्टार्टर मारायचा, एकेका सिलिंडरचा आकडा लिहून ठेवायचा. चारही आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत पाहिजेत. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी गेज लावलं, पहिला 180, दुसरा 178, तिसरा 140, चौथा 176. तिसऱ्यात गडबड. मग मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत बघितलं. ऑइल टाकल्यावर आकडा वाढला तर रिंगा गेल्या असं समजायचं, कारण ऑइल तेवढ्यापुरतं रिंगांच्या फटी बंद करतं. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आकडा तिथंच. म्हणजे खालचं काम शाबूत, गडबड वर हेडमध्ये.

दाजींनी मधली काही वर्षं गाडीला गॅस किट बसवलं होतं, पेट्रोलचे दर वाढले तेव्हा. गॅसवर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथं टेकतो ती कडी, जास्त तापतात आणि हळूहळू खातात, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट, वेळेवर सेट केले नाहीत तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटायला लागतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. हे इतकं सावकाश होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही, गाडी जुनी झाली एवढंच वाटतं. विचार करा, त्या पोरानं यादीतलं सगळं सामान बसवलं असतं, साठ हजार खर्च केले असते, आणि गाडी तिसऱ्या सिलिंडरची गळती घेऊनच पळत राहिली असती. पैलवान तापानं फणफणलेला असताना त्याला बदामाचा खुराक चालू करण्यासारखंच ते.

हेड उतरायचं ठरलं आणि माझ्या दृष्टीनं खरं प्लॅनिंग इथं सुरू झालं.

इंजिनाच्या कामात पार्टपेक्षा उघडझाक महाग असते. हेड उतरवायची मजुरी, गॅस्केट सेट, कूलंट, ऑइल, टायमिंग बेल्ट काढून परत बसवणं, हे तुम्ही आत काहीही करा, तेवढंच लागतं. म्हणून जे उघडायचंच आहे ते उघडलेलं असताना तिथलं सगळं काम उरकून घ्यायचं, दुरुस्ती पण आणि सुधारणा पण. भाच्याला मी हेच परत परत सांगत होतो, की बाबा आता हेड खाली येणारच आहे तर तुझी परफॉर्मन्सची हौस इथं भागव, जवळजवळ दुरुस्तीच्याच पैशात.

उद्यमनगरात हेडकामाचं एक दुकान आहे, म्हातारे मालक स्वतः मशीनवर असतात. त्यांना सांगितलं, सीट नुसती 45 अंशात कापू नका, वर 30 आणि खाली 60 असे तीन कोन द्या. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "रेससाठी काय ओ?" तीन कोन दिले की व्हॉल्व्ह थोडासा उघडलेला असतानाच हवेला वळायला सोपी वाट मिळते, धारदार कड अडवत नाही. जादाचे पैसे किरकोळ. दुसरं म्हणजे पोर्ट, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा, आणि त्यांना जोडलेला पाइप, मॅनिफोल्ड, यांचं तोंड जुळवणं. फॅक्टरीत मॅनिफोल्ड आणि हेडची भोकं तंतोतंत जुळलेली नसतात, एखादा मिलिमीटर पायरी राहते, गॅस्केट ठेवून खूण करायची आणि ती पायरी घासून काढायची. पोर्ट मोठे करायचे नाहीत हां, ते इंटरनेटवर बघून करणाऱ्यांनी बरीच हेडं वाया घालवलीत, पोर्ट मोठा झाला की हवेचा वेग कमी होतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी होते. फक्त पायरी काढायची.

हेडला फेस किती मारायचा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. भाच्यानं कुठंतरी वाचलेलं की जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि ताकद येते. येते, पण किती ते काढून बघू म्हटलं. बोअर 74 मिलिमीटर, स्ट्रोक 75.5, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण 325 सीसी. हिशोबासाठी कॉम्प्रेशन रेशो 9 धरला तर ज्वलनाची जागा 40 सीसीच्या थोडी वर. अर्धा मिलिमीटर घासलं तर त्यातले जास्तीत जास्त दोनेक सीसी कमी होतात, रेशो 9 वरनं 9.4 च्या आसपास जातो आणि ताकद वाढते फार तर एक-दीड टक्का. त्याच्या बदल्यात हेडचं आयुष्य कमी, पुढं कधी हेड वाकलं तर घासायला माल शिल्लक नाही, आणि कॅम थोडा खाली आल्यामुळं त्याचं टायमिंग पण किंचित मागं पडतं. फेस सपाट होण्यापुरताच मारा, असं ठरलं.

दोन दिवसांनी हेड घ्यायला गेलो तेव्हा मालकांनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं, प्लग लावले, आणि प्रत्येक चेंबरमध्ये रॉकेल ओतलं. मग पोर्टात टॉर्च मारून आम्हाला वाकायला लावलं. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यात केसाएवढी जरी फट असली तर रॉकेल पोर्टात उतरतं, ओल दिसायला लागते. आम्ही तिघं तिथं वाकून बसलो होतो, चहा आला, तो पण तसाच वाकून घेतला, आणि सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह कोरडे. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आपल्या गाडीच्या आत काय आहे हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं होतं. मला वाटतं यादीतल्या कुठल्याच वस्तूनं त्याला हे दिलं नसतं.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, व्हॉल्व्ह स्टेम सील हे सगळं त्याच वेळी बदललं. इंजेक्टर साफ करून घेतले, पेट्रोलचे जुने रबरी पाइप नवीन टाकले, कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांची रबरं त्या हिशोबानं बनवलेली नाहीत. साधे कंपनीचे प्लग घातले. इरिडियम प्लग जास्त टिकतात ही गोष्ट खरी, पण चांगल्या इंजिनात त्यांनी घोडे वाढत नाहीत. हाय ऑक्टेन पेट्रोलचंही तसंच, ऑक्टेन जास्त म्हणजे नॉक न करता, म्हणजे वेळेआधी आपोआप न पेटता, जास्त दाब सहन करायची पेट्रोलची तयारी जास्त, ज्या इंजिनाला तेवढ्या दाबाची गरजच नाही त्याच्यात ते भरून काही हातात येत नाही.

इथवर बत्तीसेक हजार गेले असं समजा, उरले अठ्ठावीस.

यातले पैसे ब्रेक आणि टायरला घालायचे यावर मी अडून बसलो. त्याचं म्हणणं, मामा हा इंजिनाचा पैसा आहे. माझं म्हणणं, इंजिनानं दिलेलं रस्त्यावर उतरणार कशातनं? व्हीएक्सआयला 165/80 आर 14 टायर येतात, बारीक आणि उंच. त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला कंपनीनंच 185/70 आर 14 दिलेले, त्यांची उंची जवळजवळ तेवढीच, फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर पण चुकत नाही आणि कायद्याचा पण प्रश्न नाही. सोळा इंची अलॉय घातले असते तर चाकाचं वजन वाढलं असतं आणि पिकअप मेला असता, फिरणारं वजन इंजिनाला दुहेरी पडतं, एकदा पुढं ढकलायला आणि एकदा गोल फिरवायला. बाकी ब्रेकला नवीन पॅड, मागचे ड्रम साफ करून सेट केले आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डॉट 3 नवीन असताना 205 अंशाला उकळतं पण पाणी धरल्यावर 140 लाच, आणि घाट उतरताना पेडल एकदम मऊ होतं ते याच्यामुळं. सगळं मिळून चोवीसेक हजार गेले.

फ्री फ्लो सायलेन्सरला मी नाहीच म्हटलं, आणि आवाजाचा मला राग येतो हे त्याचं एकमेव कारण नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी होईल असे बदल चालणार नाहीत, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर पीयूसीचे वांदे, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी बॉनेट उघडून बघतात. हे सगळं सोसून मिळणार काय, तर वरच्या आरपीएमला तीन-चार घोडे आणि खालचा टॉर्क कमी. आपल्याला रोज राजारामपुरीसारख्या गर्दीतनं गाडी काढायची असते, तिथं खालचाच टॉर्क लागतो. ज्याला खरंच इंजिनाची मोठी कामं करायची आहेत त्यानं वेगळी गाडी ट्रॅकसाठी ठेवावी, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक आहे, एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या स्पर्धांचे नियम आणि क्लास ठरलेले आहेत, आणि एस्टीमसारख्या गाड्यांनी तिथं वर्षानुवर्षं नाव काढलंय. तिथं करा काय करायचं ते, मी टाळ्या वाजवायला येतो.

फरक पडला का हे मोजायला डायनोचे पैसे नव्हते आणि लागले पण नाहीत. काम करायच्या आधी आणि नंतर, पहाटे, एकाच मोकळ्या सपाट रस्त्यावर, दोन्ही दिशांनी, तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरनं ऐंशीपर्यंत पूर्ण रेस, शेजारी बसलेल्यानं स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढायचा आणि घरी येऊन सेकंद मोजायचे. पेट्रोल तेवढंच, माणसं तीच, टायरमध्ये हवा तेवढीच. दीडेक सेकंद कमी झाले, आणि या एवढ्याशा टप्प्यात दीड सेकंद म्हणजे खूप आहेत. थंडपणी आयडलला जी थरथर होती ती गेली. एव्हरेज वाढलं ते वेगळंच. भाचा गाडीतनं उतरला आणि म्हणाला, "मामा, नाद खुळा झाली ओ ही." त्याला 110 मिळाले नाहीत, त्याला दाजींची 2008 ची गाडी परत मिळाली, वर हेडकामाचे चार घोडे धरा, आणि वळणावर चिकटून राहणारे टायर.

चार हजार शिल्लक आहेत आणि ते त्यानं खर्च करू नयेत असं मी सांगितलंय. क्लच आता सत्तर टक्के झिजलेला आहे, वर्षभरात बदलायला येईल. त्या वेळी गिअरबॉक्स उतरणारच, म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती, समोर येणार, आणि ते मागच्या बाजूनं, बाहेरच्या कडेचा माल काढून थोडं हलकं करता येतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला त्याचा फरक चांगला जाणवतो, इंजिन पटकन वर चढतं. पण ओतीव लोखंड आहे, हजारो आरपीएमला फिरतं, जास्त कापलं तर फुटून जिवावर बेतेल, आणि फार हलकं केलं तर आयडलला इंजिन धडधडतं, म्हणून किती काढायचं हे वजन करून ठरवायचं आणि नंतर क्लच प्रेशर प्लेट लावून बॅलन्सिंग करायचंच. उद्यमनगरात बॅलन्सिंग मशीनवाल्याकडं मी चौकशी करून आलोय, क्लच सेट धरून दहा हजाराच्या आत बसतंय. भाच्यानं महिन्याला पाचशे बाजूला टाकायला सुरुवात केलीय.